बागेतील वाटेसाठी किती सौर दिवे घ्यावेत आणि ते किती अंतरावर लावावेत?

वाटेच्या कडेला सौर दिवे लावायचे आहेत, तर किती घ्यावेत आणि किती अंतरावर रोवावेत, असे आपण विचारले आहे. त्याआधी अंधार पडल्यावर आपल्या बागेत दुसरा कोणता दिवा चालू असतो, ते पाहून घ्यावे. याच एका मुद्द्यावरून माझ्यात आणि माझ्या थोरल्या बंधूंमध्ये दोन वर्षे धुसफूस चालू होती.

मी जमिनीत खुपसण्याचे, माथ्यावर छोटे पॅनेल असलेले दहा दिवे आणले. पहिल्याच रात्री फाटकाजवळचे चार लागले नाहीत आणि दादांनी ‘ही खेळणी आहेत, परत कर’ असा निकाल देऊन टाकला. मी ते उघडून पाहिले. आत १.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी आणि तिचे व्होल्टेज एलईडीला पुरेल इतके, म्हणजे सुमारे ३ व्होल्टपर्यंत, चढवणारे छोटे सर्किट होते. अंधार ओळखणारा वेगळा सेन्सर मात्र कुठेच नव्हता. ते काम पॅनेलच करते. त्यातून येणारे व्होल्टेज घसरले की रात्र झाली, असे दिवा समजतो. फाटकाच्या खांबावरचा मोठा दिवा दादा रात्रभर चालू ठेवतात, त्यामुळे या चौघांची संध्याकाळ कधी होतच नव्हती. मी पॅनेलवर तळहात ठेवला तसे चारांपैकी तीन दिवे तत्काळ लागले. हे दादांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “तुझे दिवे माझ्या दिव्याला घाबरतात, यात माझ्या दिव्याचा काय दोष?” त्यांचा दिवा पुढे दोन वर्षे तसाच चालू राहिला.

खेळणी म्हणणे अन्यायाचे असले, तरी या दिव्यांकडून फार अपेक्षा ठेवणेही चूकच आहे. ६०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम ०.७२ वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे बारा तास दिवा चालवायचा तर ०.०६ वॅट हाती येतात. एवढ्यात वाटेची कड कळते, पायरी दिसत नाही. पायऱ्या असतील, तर उन्हात एकच मोठे पॅनेल बसवून तिथून १२ व्होल्टची तार फिरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकेक वॅटचे आठ दिवे सहा तास चालवायला रोज ४८ वॅट-तास लागतात. तीन ढगाळ दिवसांची सोय धरली, तर १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. दिवसाकाठी चार तासांचे कडक ऊन आणि मध्येच वाया जाणारी वीज हिशेबात घेतल्यास २० वॅटच्या पॅनेलवर रोजचे भागते, पण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायची असल्याने ४० वॅटचे घ्यावे. उत्तर गोलार्धात त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे. दिव्यांचा रंग २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर, निवडावा. पांढऱ्याफटक दिव्याभोवती किडे जास्त जमतात, आणि फाटकावरच्या त्या दिव्याखाली रोज सकाळी किड्यांचा जो सडा पडतो, तो झाडतो मी.

अंतराचे म्हणाल, तर दोन-तीन मीटर पुरे, तेही दोन्ही कडांना आलटून पालटून. जमिनीत खुपसण्याच्या दिव्यांतली बॅटरी दोन-एक वर्षांनी बदलावी लागते. तिच्या जागी साधा सेल घालू नये. तो पुन्हा चार्ज होण्यासाठी बनवलेला नसतो आणि चार्ज करू गेल्यास गळतो.

सावलीचेही पाहावे लागते, हे आधीच सांगायला हवे होते. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्याच पॅनेलचा प्रवाह अडतो. तळहात ठेवूनही न लागलेला तो चौथा दिवा मी माझ्याच वेलीच्या मांडवाखाली रोवला होता आणि त्याला दिवसभरात ऊन असे मिळतच नव्हते. पुढे दादा घरी नसताना मी तो गुपचूप उपटून दुसरीकडे लावला.