पहिल्या फील्डवर्कला निघण्याआधी

पब्लिक हेल्थला आलास ना भाऊ, मग बायोस्टॅटची, म्हणजे आरोग्याच्या संख्याशास्त्राची, धास्ती सोड, परीक्षेच्या महिन्यात जमतं ते. दंडघेर मोजायची पट्टी मात्र आत्तापासून हातात बसव. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा डावा दंड मधोमध ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. पट्टी आवळलीस की आकडा खोटा येतो. मेळघाटात माझंही तसंच झालं होतं. आशाताईंनी काही न बोलता पट्टी सैल केली. कानकोंडा झालो होतो, खरं सांगतो.

सोयाबीन कापणीत भरदुपारी सर्व्हेला गेलास तर दाराला कुलूपच दिसेल. दिवेलागणीला जा, चहाला नाही म्हणू नको. मेसच्या भाजीवर उपाय एकच, बॅगेत ठेच्याची डबी.