बैलाच्या शिंगाच्या ऑपरेशनसाठी भूल देणं धोक्याचं आहे का?

तुम्ही निपाणीजवळच्या गावातून विचारलंय : सात वर्षांच्या खिलार बैलाच्या डाव्या शिंगाला कॅन्सर झालाय, डॉक्टर भूल देऊन शिंग मुळातून काढू म्हणतात, पण गावातला एक बैल भुलीनंतर उठलाच नाही म्हणून घरचे तयार नाहीत. मी याच चिकोडी-निपाणी पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर आहे. माझं मत विचाराल तर ऑपरेशन करा, आणि लांबवू नका. शिंग सैल होऊन वाकलं, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं, की आजार कपाळाच्या पोकळीत उतरलेला असू शकतो. मग शिंग काढूनही तो परत वाढण्याची भीती राहते.

आता भुलीचं. आपल्याकडे बैलाला बहुतेक झायलाझिन देतात. ते मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनचा स्राव कमी करतं, म्हणून जनावर मान टाकतं, अंग सैल सोडतं. गाय-बैल या औषधाला फार हळवे. घोड्याला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम लागतं, तिथे बैलाला ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे ४०० किलोच्या बैलाला, दर मिलित २० मिलिग्रॅम औषध असलेल्या बाटलीतलं एक ते दोन मिलि. हेच औषध दर मिलित १०० मिलिग्रॅमच्या बाटलीतही मिळतं, त्यातलं तेवढंच भरलं तर मात्रा पाचपट होते. म्हणून हे इंजेक्शन डॉक्टरांशिवाय कुणाच्याही हातून घेऊ नका, माणूस कितीही अनुभवी असला तरी.

पण मात्रा बरोबर असली तरी काळजी संपत नाही. झायलाझिनमुळे श्वास आणि नाडी मंदावते, आणि त्याचबरोबर कोटीपोटाची, म्हणजे चारा आंबतो त्या डावीकडच्या मोठ्या पोटाची, हालचालही थांबते. चाऱ्याचं आंबणं मात्र आत चालूच असतं. भरल्या पोटाचा बैल आडवा पडला की वायू ढेकरेतून बाहेर पडू शकत नाही, पोट फुगतं, छाती आणि पोटामधल्या पडद्याला रेटतं आणि फुफ्फुसाला फुलायला जागाच उरत नाही. वर पोटातलं पाणी घशात आलं आणि श्वासनलिकेत गेलं, तर त्या वेळी वाचलेला बैलही चार दिवसांनी न्यूमोनियानं जातो. तुमच्या गावातल्या बैलाचं नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण भुलीत मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती याचीच. आणि हे टाळणं बरंचसं मालकाच्या हातात आहे.

आदल्या दिवसापासून २४ तास वैरण बंद, पाणी १२ तास बंद. कुणाला दया येऊन पहाटे उसाचं वाढं टाकलं गेलं, तर ते डॉक्टरांना सांगा आणि तारीख पुढे ढकला. मी तरी तशा बैलाला हात लावत नाही. ऑपरेशन सकाळच्या गारव्यात करा, कारण या औषधानं शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी होते. इंजेक्शनआधी आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं बैलाला शांत उभं राहू द्या. आरडाओरडा करून, दोर ओढून बिथरवलेल्या बैलावर औषध नीट चढत नाही आणि मग जादा मात्रेचा मोह होतो.

शिंग डावं आहे हे बरं. बैल उजव्या कुशीवर पाडता येतो आणि कोटीपोटाची बाजू वर राहते, फुगतेय का ते डोळ्यांना दिसतं. मानेखाली पोतं द्या, म्हणजे तोंड उताराला येऊन लाळ बाहेर गळत राहील. लाळ भरपूर येईल, ती पाहून घाबरू नका. काही जण ती थांबवायला अॅट्रोपिनचा आग्रह धरतात. बैलात त्यानं लाळ चिकट होते आणि पोट आणखी मंदावतं, म्हणून मी ते सरसकट देत नाही.

वेदना थांबवायचं काम वेगळ्या औषधाचं. डोळा आणि शिंगाचं मूळ यांच्यामध्ये शिंगाकडे जाणारी नस असते, तिथे लिग्नोकेन टोचून तेवढाच भाग बधिर करतात. तो चांगला बधिर झाला की झायलाझिन थोडक्यात भागतं. डॉक्टरांना दोन गोष्टी आधी मोकळेपणानं विचारा : योहिम्बिनसारखा उतारा हाताशी आहे का, आणि पोट फुगलंच तर वायू काढायची नळी आहे का. चांगला डॉक्टर या प्रश्नांचा राग धरणार नाही. (हे वाचणाऱ्या कुणाची गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर ते सांगायला विसरू नका. या औषधानं गर्भाशय आकुंचन पावतं.)

काम झालं की बैलाला लगेच छातीवर बसता करा. तो स्वतः उभा राहून नीट गिळेपर्यंत चारा नाही, पाणी नाही, आणि शक्ती यावी म्हणून नळकांड्यानं तेल किंवा गूळपाणी तर अजिबात नाही. गुंगीत पाजलेलं थेट फुफ्फुसात जातं. जीभ निळसर दिसली, श्वास ओढून घेतोय असं वाटलं, किंवा डावी कूस ढोलासारखी ताणली, तर डॉक्टर गावातून निघून गेले असले तरी परत बोलवा. ते भेटले नाहीत तर १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

शिंगाची पोकळी कपाळातून नाकाशी जोडलेली असते, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस नाकपुडीतून थोडं रक्त येईल. जखम भरेपर्यंत कडब्याच्या धुरळ्यापासून आणि माश्यांपासून बैल लांब बांधा, ड्रेसिंग चुकवू नका, आणि खांद्यावर जू मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच ठेवा.