कोणाला मोजलं, कशाने मोजलं: वजन, शुगर आणि जेवणाच्या वेळांवर तुमचे प्रश्न

या वेळी बऱ्याच प्रश्नांत "युनिव्हर्सिटीच्या रिसर्चमध्ये सिद्ध झालंय म्हणे" असं लिहिलेलं होतं आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे असं काही वाचलं की आधी बघते की त्या लोकांनी मोजलं कोणाला आणि मोजलं कशाने. उत्तरं देताना तेच करणार आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

प्रश्न: वय ४६. चाळिशीनंतर मेटाबॉलिझम स्लो होतो म्हणतात, माझं अगदी तेच झालंय. दोन चपात्या आणि भाजी एवढंच जेवते तरी वजन वाढतंय. काही उपाय? (नौपाडा, ठाणे)

ताई, हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला येतो आणि त्यामागचा वैताग मला समजतो. पण चाळिशीत मेटाबॉलिझम मंदावतो ही गोष्ट मोजून बघितली तेव्हा तसं दिसलं नाही. २०२१ साली सायन्स या जर्नलमध्ये हर्मन पाँट्झर आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून एक मोठं काम छापलं, २९ देशांतले ६,४२१ लोक, सगळ्यात लहान ८ दिवसांचं बाळ आणि सगळ्यात मोठी व्यक्ती ९५ वर्षांची. शरीराचा आकार आणि त्यातला स्नायूंचा भाग हिशोबात धरला तर वयाच्या २० ते ६० पर्यंत शरीराचा रोजचा ऊर्जेचा खर्च जवळपास सपाट राहतो, साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्के उतरायला लागतो. पाळी जाण्याच्या वयातही त्यांना वेगळी घसरण दिसली नाही.

आता हे मोजलं कसं ते सांगते, कारण मला या विषयात सगळ्यात सुंदर वाटणारी पद्धत हीच आहे. माणसाला एक ग्लास पाणी प्यायला देतात, त्यातला काही हायड्रोजन आणि काही ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असतो, रेडिओअ‍ॅक्टिव्ह अजिबात नाही, नुसता वजनाने जड. मग त्याला सांगतात जा घरी, रोजचं जगणं जगा, फक्त एक-दोन आठवडे अधूनमधून लघवीचा नमुना द्या. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतो, जड ऑक्सिजन पाण्यातून पडतोच पण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही पडतो, म्हणून दोघांच्या कमी होण्याच्या वेगात जो फरक येतो त्यावरून कळतं की माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, आणि त्यावरून त्याने किती ऊर्जा जाळली. ना तोंडाला मास्क, ना बंद खोली, माणूस लोकल पकडतो, भांडी घासतो, झोपतो आणि सगळा हिशोब त्या पाण्यात उतरत राहतो. हे तंत्र शास्त्रज्ञ नेथन लिफसन यांनी १९५० च्या दशकात प्राण्यांवर बसवलं, माणसांवर ते १९८२ पासून आलं कारण तोपर्यंत ते जड पाणी फार महाग पडायचं.

मग तुमचं वजन का वाढतंय? इथे न रागावता वाचा. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली अशाच "काही खात नाही तरी वजन उतरत नाही" म्हणणाऱ्या १० जणांना याच पाण्याच्या पद्धतीने तपासलं होतं. त्यांचा मेटाबॉलिझम नॉर्मल निघाला, पण खाणं ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईचं तर हे हमखास होतं, चव बघितलेली आमटी, मुलांच्या ताटातलं संपवलेलं, चार वेळा चहा आणि प्रत्येक चहात साखर, फोडणीचं तेल जे कोणीच मोजत नाही. दुसरीकडे चाळिशीत स्नायू कमी होत जातात कारण आपण वजन उचलणारं काही करत नाही, झोप कमी होते, आणि पाळी जाण्याच्या सुमाराला चरबी पोटाकडे सरकते. त्यामुळे माझा सल्ला आहे की जेवण आणखी कमी करू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम (घरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सुरू केला तरी चालेल) आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं किंवा मासे यातलं काहीतरी नीट पोटभर. शिवाय थायरॉइड एकदा तपासून घ्या.

प्रश्न: भात शिजवून फ्रीजमध्ये ठेवला की त्यातली शुगर निघून जाते हे खरं का? (वाशी)

निघून जात नाही. शिजलेला भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च असा बदलतो की आतड्यात तो पटकन पचत नाही, नंतर गरम केला तरी त्यातला काही भाग तसाच राहतो. परिणाम आहे पण छोटा आहे, त्याच्या भरवशावर दुसऱ्यांदा भात वाढून घेऊ नका. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आपल्या हवेत त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष गरम करूनही जात नाही. गार करायचा तर लवकर फ्रीजमध्येच ठेवा.

प्रश्न: वय ३८, वजन ६४, बीएमआय २२.५, हातपाय बारीक. ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीए१सी ६.१ आला. डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस. मी तर जाडा नाही, रिपोर्ट चुकलाय का? (घोडबंदर रोड, ठाणे)

रिपोर्ट एकदा रिपीट करायला हरकत नाही, पण तुमच्यासारखे लोक आपल्याकडे इतके आहेत की मला आश्चर्य वाटलं नाही. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी टेस्ट, त्यात ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी, आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये छापलेल्या इंडियाब या डायबेटिस सर्वेक्षणाच्या अंदाजाने देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि आणखी १३.६ कोटींना प्रीडायबेटिस आहे.

या गोष्टीचं उत्तर पुण्यात सापडलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. केईएम हॉस्पिटल, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. डेक्सा मशीनवर चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. यडकिन मॅरेथॉन पळणारे होते हा भाग आहेच, पण याज्ञिक यांनी हेही लिहिलं की त्यांचं स्वतःचं जन्माचं वजन कमी होतं, आणि ते उगाच लिहिलेलं नव्हतं. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं वजनाने आणि उंचीने मागे, पोटातल्या अवयवांच्या आणि स्नायूंच्या मापाने तर सगळ्यात मागे, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्यामानाने टिकून होती. म्हणजे बारीक दिसणारं पण आतून चरबी जपणारं शरीर आपण जन्मापासून घेऊन येतो. मग पुढे ऐन विशी-तिशीत बसून काम, बाहेरचं खाणं, स्नायू आधीच कमी, आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम तर स्नायूंचंच असतं.

म्हणून बीएमआयचा पाश्चात्त्य आकडा (२५ च्या आत म्हणजे सगळं ठीक) आपल्याला लावायचा नाही. आपल्यासाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि त्याहून उपयोगी म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा, पुरुषांचं ९० सेंमी आणि बायकांचं ८० सेंमीच्या आत हवं. पँटचा साइज बघून सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली नेसतो.

करायचं काय, तर तुम्हाला वजन उतरवण्यापेक्षा स्नायू कमावणं जास्त गरजेचं आहे. आणि ताटात भाताऐवजी ज्वारीची भाकरी एवढाच बदल करून थांबू नका, कारण भाकरीतही पिष्टच (कार्बोहायड्रेट) असतं. २०२५ मध्ये इंडियाबचंच आहारावरचं काम आलं, त्यात दिसलं की आपल्याला एकूण ऊर्जेतली ६२ टक्के पिष्टातून मिळते, आणि धान्य बदलण्यापेक्षा धान्यातला थोडा भाग काढून तिथे डाळी, दूध-दही असं प्रोटीन आणणं याचा संबंध कमी धोक्याशी दिसला. तीनाच्या दोन चपात्या करा आणि मटकीची वाटी मोठी घ्या, सुरुवात एवढीच. तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा आणि डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: माझं घड्याळ सांगतं की उपवनला चालून आल्यावर ४०० कॅलरी बर्न झाल्या. तेवढं जास्तीचं खाल्लं तर चालेल ना? (वर्तकनगर, ठाणे)

नको. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये ६० जणांवर अशी सात यंत्रं तपासली, हृदयाचे ठोके बहुतेकांनी छान मोजले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. ठोके बघा, पावलं बघा, कॅलरीचा आकडा सोडून द्या. चालणं सोडू नका.

प्रश्न: फोर्टला नोकरी, कळव्याला घरी पोचेपर्यंत साडेनऊ, जेवण दहाला, अकराला झोप. रात्री उशिरा जेवू नये म्हणतात, पण करणार काय? (कळवा) / ऐरोलीत नाइट शिफ्ट, रात्री दोनला कॅन्टीनमध्ये बिर्याणी. माझं कसं होणार? (घणसोली)

दोन्ही प्रश्न एकत्र घेते कारण मुळात गोष्ट एकच आहे, शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं आणि रात्री ते साखर हाताळायला तितकं तयार नसतं.

कळव्याच्या दादांसाठी: जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये २० निरोगी लोकांना एकदा संध्याकाळी ६ ला आणि एकदा रात्री १० ला तेच जेवण दिलं, झोपायची वेळ दोन्ही वेळा अकरा. दहाच्या जेवणानंतर साखरेचा सर्वोच्च आकडा साधारण १८ टक्क्यांनी जास्त गेला आणि रात्रभरात जळणारी चरबी साधारण १० टक्क्यांनी कमी झाली. आता वीसच लोक, तेही तरुण, एवढ्यावर कोणी घाबरून जाऊ नये. पण तुमची दिनचर्या तंतोतंत त्या प्रयोगासारखी आहे म्हणून मनावर घ्या. ट्रेनला उशीर होणार, तो तुमच्या हातात नाही, मग जेवणाचे दोन भाग करा. दुसरा डबा न्या, सहा-सातला ऑफिसातच चपाती-उसळ खाऊन घ्या, आणि घरी आल्यावर मुलांसोबत बसायला वरण, भाजी, ताक एवढंच. आणि जेवून दहा मिनिटं बिल्डिंगखाली चाला. न्यूझीलंडच्या ओटागो युनिव्हर्सिटीने टाइप २ डायबेटिसच्या ४१ लोकांत बघितलं की दिवसात कधीतरी एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहते, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. याला पैसे लागत नाहीत, जिम लागत नाही, म्हणून मी हे सगळ्यांना सांगते.

घणसोलीच्या वाचकासाठी: बोस्टनच्या ब्रिघम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९ जणांना प्रयोगशाळेत खोटी नाइट शिफ्ट लावली होती, अर्ध्यांना रात्रीही जेवण, अर्ध्यांना फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली, दिवसा खाणाऱ्यांची लक्षणीय वाढली नाही. २०२१ चं काम आहे हे. म्हणजे जागं राहणं तुम्हाला टाळता येत नसेल तरी दोनची बिर्याणी टाळता येते. शिफ्टला जाण्याआधी घरी नीट जेवा, मधे भूक लागलीच तर मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं, ताक, आणि सकाळी घरी येऊन हलका नाश्ता करून झोपा. एक मात्र महत्त्वाचं, इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने हलवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टर.

प्रश्न: मुलगी २१ वर्षांची, तिच्या कॉलेजमध्ये आहार आणि मेटाबॉलिझमच्या अभ्यासासाठी व्हॉलंटियर हवेत. रक्त घेणार, डेक्सा करणार, कसलंसं जड पाणी देणार. मला भीती वाटते, आपल्या मुलांवर प्रयोग कशाला? (खारघर)

आई म्हणून भीती वाटणं बरोबर आहे, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. जड पाणी कसलं ते वर लिहिलंय, ते लहान बाळांनाही दिलं जातं. डेक्सात एक्स-रे असतात पण मात्रा अगदी कमी, फक्त प्रेग्नन्सी असेल तर करत नाहीत. रक्ताच्या टेस्टमध्ये बहुधा ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी साखर बघतील, थोडं मळमळतं, बाकी काही नाही.

पण नुसतं "सेफ आहे" या शब्दावर जाऊ नका, कागद बघा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा अभ्यासाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत म्हणजे मराठीत मिळायला हवं, ती कधीही, कारण न देता बाहेर पडू शकते, आणि अभ्यासामुळे काही त्रास झाला तर उपचार मोफत मिळायला हवेत. आहार किंवा औषध बदलून बघणारी ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी रजिस्ट्रीवर तिची नोंद हवी, ती वेबसाइट कोणीही उघडून बघू शकतं. तिला सांगा हे विचार: रक्ताचे नमुने पुढे किती वर्षं ठेवणार, माझं नाव कोणाला दिसणार, आणि माझे रिपोर्ट मला मिळणार का. सही तिने स्वतः वाचून करावी, प्रोफेसर म्हणाले म्हणून नाही, आणि नाही म्हणाली तर मार्कांवर परिणाम होता कामा नये.

हे सगळं नीट असेल तर मी तिला जा म्हणेन. वर जे बोस्टन, स्टॅनफर्ड, हॉपकिन्स लिहिलं ती सगळी तिकडची माणसं. आपला बारीक हातापायांचा आणि पोटात चरबीचा मामला कळला तो पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं मोजमाप करू दिलं म्हणून. नाइट शिफ्टमधल्या ऐरोलीच्या मुलाचं काय होतं, दहाला जेवणाऱ्या कळव्याच्या दादांचं काय होतं हे नीट कळायला हवं असेल तर मोजायला इथलीच माणसं लागणार.

माहितीपत्रक हातात आलं आणि त्यात काही अडलं तर मुलीचं नाव झाकून मला फोटो पाठवा, मी वाचून कळवते.