वाचकांचे प्रश्न : साथीची झळ सर्वांनाच का?

प्रश्न : लालबागमध्ये माझे पोळी-भाजी केंद्र आहे. करोनाच्या काळात आमच्या घरी कोणीही आजारी पडले नाही, तरीही निर्बंध उठल्यानंतर कित्येक महिने धंदा सावरला नाही. असे का व्हावे? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, आणि साथ नेमका हाच धागा तोडते. रुग्ण वाढले की कामावरील हात कमी होतात, हे पहिले नुकसान; परंतु माझ्या मते त्याहून मोठे नुकसान भीतीचे असते, कारण निरोगी माणूसही बाहेर पडणे टाळतो आणि उद्याच्या इस्पितळाच्या बिलाच्या धास्तीने आजचा पैसा राखून ठेवतो. मार्च २०२० मध्ये लोकलची प्रवासी वाहतूक थांबली. सर्वसामान्यांना ती १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही ठरावीक वेळांतच, खुली झाली. फोर्टमधील कारकून घरून काम करू लागला, तेव्हा त्याचा पगार कदाचित चालू राहिला असेल, पण त्याच्या कटिंग चहाचे, डबेवाल्याचे आणि तुमच्या पोळ्यांचे पैसे त्या साखळीतून गळाले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले. शेती तेवढी तगली. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला खरा, पण गिऱ्हाईकच नसताना स्वस्त कर्ज घेऊन दुकानदाराने करायचे काय?