पावसाळ्याआधी मागच्या चाकाला हगर बसवावा का?

प्रश्न: मी चिपळूणहून परशुराम घाटातून लोटे औद्योगिक वसाहतीत रोज मोटारसायकलने नोकरीला जातो. गाडी दोन वर्षांची, मोनोशॉकची (मागे मध्यभागी एकच शॉकअ‍ॅब्सॉर्बर असलेली) आहे आणि आणखी चार वर्षे वापरायची आहे. पावसाळ्यात मागे बसणाऱ्या पत्नीचे कपडे चिखलाने माखतात आणि मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवरही चिखलाचा थर चढतो. याच मॉडेलसाठी तयार केलेला फायबरचा हगर (मागच्या चाकाला लगटून बसणारे छोटे मडगार्ड) ५,८०० रुपयांना असून कार्डावर सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घेता येईल. कोणत्याही गाडीला चालणारा ९०० रुपयांचा हगरही बाजारात आहे. शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायचा झाल्यास ८,५०० रुपये लागतील, असे सर्व्हिस सेंटरने सांगितले. कार्डावर सध्या १४,००० रुपयांची बाकी आहे. हगर घ्यावा का?

उत्तर: तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांपैकी एकच हगरने दूर होते. पत्नीच्या कपड्यांसाठी हा खर्च करणार असाल, तर तो करू नका. शॉकअ‍ॅब्सॉर्बरसाठी हगर खरोखर उपयोगी आहे. मात्र आजच्या किमतीला आणि आजच्या तुमच्या कर्जस्थितीत तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाक पुढे फिरताना टायरचा मागचा भाग वर चढत असतो, त्यामुळे तिथून सुटणारे पाणी सीटच्या शेपटाकडे आणि मागे बसलेल्या माणसाच्या पाठीकडे उडते. जे पाणी आणि जी माती टायरला चिकटून माथ्यापर्यंत पोहोचते, ती तिथून पुढच्या दिशेने फेकली जाते आणि मोनोशॉकच्या गाडीत नेमका तिथेच शॉकअ‍ॅब्सॉर्बर उभा असतो. स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) बसवलेला आणि चाकाबरोबर वर-खाली होणारा हगर हा दुसरा मारा चांगला अडवतो. बहुतेक हगर मागच्या बाजूला आखूड असल्याने पहिला मारा तसाच राहतो. त्यासाठी नंबरप्लेटखाली लांब रबरी मडफ्लॅप लावावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि पत्नीच्या दृष्टीने ५,८०० रुपयांच्या हगरपेक्षा अधिक कामाचा आहे. ज्यांच्या गाडीला दोन बाजूंना दोन शॉक आहेत, त्यांना हगरचा लाभ आणखी कमी, कारण ते शॉक चाकाच्या थेट समोर येत नाहीत.

आता पैशांचा हिशेब पाहू. हगरमुळे शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा ८,५०० रुपयांचा खर्च टळेल, या एकाच आधारावर ५,८०० रुपये वसूल व्हायचे असतील, तर तुमच्यासारख्या शंभर गाड्यांपैकी सुमारे अडुसष्ट गाड्यांचे शॉक पुढील चार वर्षांत केवळ हगरमुळे वाचायला हवेत. हे प्रमाण मला अवास्तव वाटते. शॉक चिखलामुळे खराब होतो हे खरे आहे. जांभ्या मातीतील बारीक रेती पिस्टनच्या दांड्यावर वाळून बसली की तिथले ऑइल सील घासले जाते आणि तेल गळू लागते. तथापि खड्डे, दोन माणसांचे वजन आणि सीलचे वय हीदेखील तितकीच मोठी कारणे आहेत व त्यांवर हगरचा काहीही परिणाम होत नाही. शिवाय चिखल वाळण्याआधी साध्या नळाच्या पाण्याने शॉकचा भाग धुण्याची सवय ठेवली, तर हगरचे बरेचसे काम फुकटात होते. जोराच्या प्रेशरची धार मात्र तिथे मारू नये, ती रेती सीलच्या आत ढकलते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या तुमच्या पट्ट्यात हगरला मी निरुपयोगी म्हणणार नाही, आणि तुमच्या मॉडेलचा प्लास्टिकचा हगर दोन-अडीच हजारांत मिळाला असता तर रोख पैसे देऊन घ्या, असेच सांगितले असते.

विम्यावर या बाबतीत विसंबू नये. झिजेमुळे झालेले नुकसान वाहन विम्यात येत नाही, म्हणून गळका शॉक तुमच्याच खिशातून बदलावा लागतो. हगरचेही तसेच आहे. कंपनीबाहेरून बसवलेली वस्तू पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवली नसेल तर तिची भरपाई मागता येत नाही. नोंदवली असली तरी झीरो-डेप्रिसिएशनचे (घसारा न कापण्याचे) संरक्षण नसल्यास फायबरग्लासच्या भागावर ३० टक्के आणि प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो. एवढ्याशा रकमेसाठी दावा केल्यास नो-क्लेम बोनस जातो, तो वेगळाच तोटा.

माझी खरी हरकत कार्डाला आहे. १४,००० रुपयांच्या बाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ४९० रुपये होतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून दरमहा सुमारे ५७८ रुपये जातात. ही बाकी सहा महिने तशीच राहिली, तर जवळपास ३,५०० रुपये नुसते व्याजात जातील, म्हणजे निम्म्याहून अधिक हगर. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याजाएवढी सूट दिली जाते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येते, आणि दुकानदाराकडून रोखीत जी घासाघीस करता आली असती तीही हातची जाते. ईएमआयचा हप्ता दरमहा ९६७ रुपयांचा होईल. तेवढीच रक्कम दरमहा नेहमीच्या भरण्याव्यतिरिक्त कार्डाच्या बाकीत भरा आणि ती संपेपर्यंत कार्डावर नवी खरेदी थांबवा, कारण बाकी पुढे ओढलेली असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

९०० रुपयांच्या हगरचा विचार मनातून काढून टाकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तो स्विंगआर्मला पट्ट्या आणि क्लिपांनी बांधला जातो. घाटात खडखडून एखादी क्लिप तुटली आणि हगर चाकात ओढला गेला, तर मागे पत्नी बसलेली असताना चाक जाम होऊ शकते. त्यात वाचणाऱ्या ४,९०० रुपयांसाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही.

म्हणून यंदा मडफ्लॅप लावा, शॉक नियमित धुवा आणि कार्ड मोकळे करा. पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसे हाताशी असतील आणि मॉडेलचा हगर स्वस्तात मिळत असेल, तर घ्यायला माझी ना नाही. तेव्हा बसवणारा मेकॅनिक ‘गाडी सुटसुटीत दिसेल’ म्हणून साडीगार्ड काढायला सांगू लागला तर ऐकू नका. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मधील नियम १२३ नुसार आवश्यक आहे. चेन ताणताना चाक मागे सरकते, तेव्हा हगर आणि टायर यांमधील फट प्रत्येक वेळी तपासून घ्या. पूर्ण भाराने शॉक दबल्यावर हगर सीटखालच्या मडगार्डला लागत नाही, हेही दोघांनी गाडीवर बसून दुकानातच पाहावे. अनेक हगरना चेनकव्हर जोडलेलेच असते, त्यामुळे मूळ कव्हर काढावे लागते. ते घरी जपून ठेवा, कारण गाडी विकताना हगरचे वेगळे पैसे सहसा कोणी देत नाही, आणि तो काढून स्वतंत्र विकायचा झाल्यास मूळ कव्हर परत बसवावे लागेल.