झेडपी शाळेत शिक्षक कमी आहेत, दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाला लिहिलं तर काही होईल का?

थेट काही होणार नाही. पत्र फार तर फिरून राज्याकडेच येईल. झेडपी शाळेतली पदं संचमान्यतेत (पटसंख्येनुसार शिक्षकांची पदं मंजूर करण्याची प्रक्रिया) ठरतात, भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. त्यामुळे आधी पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या, पोच घ्या (पोच घ्याच!), मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी.

मग दिल्ली करते काय? मंत्रालयात दोन विभाग आहेत: शालेय शिक्षण व साक्षरता, आणि उच्च शिक्षण. दोघांचे सचिव वेगळे. केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सीबीएसई, एनसीईआरटी पहिल्याकडे. यूजीसी, एआयसीटीई, आयआयटी दुसऱ्याकडे. वैद्यकीय शिक्षण मात्र आरोग्य मंत्रालयाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे. नावावर जाऊ नका. नाव तरी कुठे स्थिर आहे? 1985 मध्ये ते मनुष्यबळ विकास झालं, 2020 मध्ये पुन्हा शिक्षण.

1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आलं, म्हणून कायदा केंद्र आणि राज्य दोघंही करू शकतात. पण तुमच्या शाळेत दिल्ली दिसते ती मुख्यतः पैशांतून. शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. दुपारच्या खिचडीतला तांदूळही केंद्राकडूनच येतो. ती शिजवणाऱ्या ताईंचं मानधन थकलं, तर मात्र पुन्हा पंचायत समितीचीच पायरी.