नोकरी सांभाळून स्वतःचे प्रकल्प करताना कामांची यादी कशी ठेवावी?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: चार प्रकल्पांची यादी दीडशे ओळींवर गेली आहे, आणि त्यासाठी कोणतं ॲप घ्यावं. ॲप कुठलंही चालेल. मी साधी टेक्स्ट फाइल वापरतो, कारण ती फोनवरही उघडते आणि लॅपटॉपवरही.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. ऑफिसच्या कामामागे साहेब असतो, ग्राहक असतो, सोमवारची मीटिंग असते. स्वतःच्या प्रकल्पामागे कोणीच नसतं. पाहुणे, मुलांच्या परीक्षा, गणपती यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. मग परत बसलं की पहिला अर्धा तास ‘आपण कुठे होतो’ हे शोधण्यात जातो, आणि त्या अर्ध्या तासाच्या कंटाळ्यानेच पुष्कळदा बसणं टळतं. म्हणून यादी लिहायची ती तीन आठवड्यांनी सगळं विसरून परत येणाऱ्या माणसासाठी.

माझं उदाहरण देतो. घरातले जुने मोडी कागद वाचून त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करणं, हा माझा सर्वांत लांबलेला प्रकल्प. ‘मोडी कागद पूर्ण करणे’ अशी ओळ लिहिली तर ती वर्षभर हलणार नाही. ते प्रकल्पाचं नाव झालं, त्यात हात कुठे घालायचा ते कळत नाही. मी लिहितो: ‘गठ्ठा २, कागद १४, सुहूर सनाचा इसवी सन काढणे.’ सुहूर सन ही या जुन्या कागदांतली कालगणना, आणि तिचं वर्ष अरबी संख्यानामांत लिहिलेलं असतं. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. हा हिशेब मी त्या कामाच्या खालीच लिहून ठेवलाय, दर वेळी पुस्तक शोधावं लागत नाही. यादी फक्त कामांचीच असावी असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

उठण्याआधीची पाच मिनिटं मी कधीच सोडत नाही. फाइलच्या सर्वांत वर एक ओळ लिहितो: ‘थांबलो: कागद १४, ओळ ७. नाव बापूजी की बाबूजी? कागद ९ मधल्या नावाशी ताडून पाहणे.’ पुढच्या वेळी ही ओळ वाचली की हात लगेच कामाला लागतो. शिवाय मधल्या दिवसांत ते काम डोक्यात घोळत राहत नाही. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली हेच दाखवलं होतं: अर्धवट राहिलेलं काम मनाला टोचत राहतं, पण ते पुढे नेमकं कसं करायचं हे ठरवून टाकलं की ती टोचणी कमी होते. काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही.

चार प्रकल्प एकदम चालू ठेवू नका. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेल्या कानबान पद्धतीत एका वेळी किती कामं हातात असावीत याला मर्यादा असते. नोकरी करणाऱ्याला दोन प्रकल्प पुष्कळ झाले. बाकीचे ‘नंतर’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि ती रोज उघडू नका.

दीडशे ओळी निवडत, लावत बसण्यातही अर्थ नाही. ती फाइल आजच्या तारखेने बाजूला ठेवा आणि कोऱ्या पानावर जे आठवेल तेवढंच लिहा. जे आठवलं नाही ते बहुधा महत्त्वाचं नव्हतंच, आणि लागलंच तर जुनी फाइल आहे.

आणखी एक: मी कामांपुढे ‘ताजं डोकं’ किंवा ‘थकलेलं डोकं’ असं लिहितो. रात्री जेवणानंतर अक्षर लागत नाही, पण स्कॅन केलेल्या फाइलींना नावं देता येतात.

तारखा मात्र खऱ्या असतील तरच टाका. स्वतःच ठरवलेली ‘१५ तारखेपर्यंत’ एकदा चुकली की पुढच्या कुठल्याच तारखेला मन जुमानत नाही. माझ्या यादीत सध्या एकच तारीख आहे: गठ्ठे सोडून कागदांना कसर लागली आहे का ते पाहणं, ७ जूनच्या आत, कारण त्यानंतर हवेत दमटपणा येतो.